पोवळं

उतरायला धक्का नाही.
होडी वाळूला पोट टेकते, पुढचं आपण चालायचं,
चपला हातात, पाणी मांडीपर्यंत.
पांढरं दिसेल तिथे पाऊल टाका, उस्सी सांगतो,
काळं दिसेल ते जिवंत आहे.

बेटावर विहीर नाही.
मागच्या एप्रिलात छपरावर पडलेला पाऊस
माझ्या पलंगाखाली टाकीत निजलेला.
रात्री कूस बदलल्याचा आवाज येतो,
माझी की त्याची, कळत नाही.
अंघोळीला दीड बादली.
संडासात पाणी नाही, मूठभर सुका पाला टाकायचा.
पहिल्या दिवशी मी तीन मुठी टाकल्या, लाजेने.

उस्सीकडे एक वही, खाऱ्या हवेने फुगलेली.
किती माणसं आली, किती डबे, किती बाटल्या,
आणि जाताना तेवढ्याच गेल्या का.
हेसाबू, तो म्हणतो.
आमच्याकडे हिशेब, मी म्हणते.
तो पेन कानावर ठेवतो:
कास्काझीवर बसून आला असेल हा शब्द,
ते वारं तुमच्याच बाजूचं.

मग त्याची नजर माझ्या अनामिकेवर थांबली.
हे?
हे आईने घातलेलं. मंगळ कडक म्हणून,
लग्न जमेना तेव्हा;
लग्न मोडलं तेव्हाही काढू दिलं नाही.
रात्री मी त्याला मंगळ दाखवला,
दीपगृहाच्या जरा डावीकडे, तांबूस.
त्याने बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं:
एक. लाल. मेलेलं. दुसऱ्या समुद्राचं.

पाण्याखाली मी हात पोटाशी घेऊन पोहले,
परक्याच्या माजघरात शिरल्यासारखी.
पोपटमासे खडक कुरतडत होते,
भिंतीपलीकडे कुणी फुटाणे खावेत तसे.
लाल कुठेच नव्हतं.
तपकिरी, शेवाळी, सुजलेल्या हिरड्यांसारखं जांभळट,
आणि सगळं कामात.

स्वयंपाकघरात बी मिझे बुटक्या पाटावर बसून
नारळ खवते. पाटाला पुढे दातेरी लोखंडी जीभ.
त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी.
मी बसून पाहिलं. मांडी आपोआप जमली,
करवंटी आपोआप फिरली.
ती म्हणाली, हा हात काही
पैसे भरून आलेल्या बाईचा नाही.
मला इतकं बरं वाटलं
की किती पैसे भरले ते मी सांगितलं नाही.

तिसऱ्या रात्री पाणी भांगाचं,
ते त्याला मेलेलं पाणी म्हणतात.
हद्दीच्या बोयांच्या आत एक दिवा हलला.
उस्सी होडी घेऊन गेला.
शिव्या आल्या नाहीत. आले ते घरातले आवाज,
जेवताना भांडणारे.
कोम्बो आहे, बी मिझे अंधारात म्हणाली,
त्याच्या बहिणीचा नवरा.
ती जागा उस्सीच्या बापाची.
उस्सी स्वतः तिथेच जाळं टाकायचा, आधी.

सकाळी वही बाकावर उघडी होती.
माझ्यासाठी नसावी, तरी मी उस्सीलाच
त्या ओळी वाचून दाखवायला लावल्या.
होडी एक. मासे आठ.
पाण्यात परत पाच.
पुढे रेघ मारलेली.
तिनांचं काय, मी विचारलं नाही.
त्यानेही वही मिटताना घाई केली नाही.

निघताना पिशवी झटकली, वाळू वाळूत पडली.
उलट्या खिशातून एक शिंपला निघाला.
माझा नाही, मी म्हणाले, लहानपणीच्या आवाजात.
त्याने तो उचलून भरतीच्या रेषेवर
उपडा ठेवला.
मी अंगठी काढायला गेले. इथेच राहू दे हे, पाण्यात.
इथे नको, तो म्हणाला.
बाहेरचं काही इथे टाकता येत नाही.
आणि लिहिलं: एक लाल, परत.

पाणी मांडीपर्यंत. पांढऱ्यावर पाऊल.
अंगठी भिजली की पोवळं
थोडं गडद दिसतं,
मग वाळतं.